सडकेकडचं रान आणि माझी सही

९ जानेवारी
सकाळीच बाळूचा फोन. धाकटा भाऊ, पण फोनवर त्याची रीत ठरलेली. आधी ह्यांची तब्येत, मग सांगलीत पाणी येतंय का, मग मुद्दा. आज एकदम मुद्दा. "आक्का, तुझी एक सही पायजे. आष्ट्याला कवा येतीस?"
सही सडकेकडच्या रानाच्या कागदावर. तिथं लॉन व्हायचंय. लग्नाचं. सुमितनं, म्हणजे बाळूच्या मुलानं, कुठल्या तरी पार्टीशी बोलणी केलीत. आपण जागा द्यायची, लांबचा करार, बांधकाम त्यांचं.
दादा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. गावातल्या बाकीच्या बहिणींसारखी हक्कसोड करून दे, असं बाळू मला कधी म्हणाला नाही. मीही विषय काढला नाही. रान तो कसतो, माझं नुसतं नाव. इतकी वर्षं ते नाव कुणाला दिसलंच नव्हतं. मलासुद्धा.
"बघू" म्हणून फोन ठेवला. चहा दोनदा गरम केला नि तसाच राहिला.

१० जानेवारी
ह्यांना सांगितलं. "तुझ्या माहेरचं आहे, मी त्यात पडत नाही," म्हणाले आणि पेपर वर केला. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगुळाचं निमित्त करून आष्ट्याला. विश्रामबागच्या थांब्यावर बस लवकर मिळाली.
रानात ऊस तुटून गेलेला. खोडवा, म्हणजे बुडख्यांतून फुटणारा पुढचा ऊस, राखलेला नाही, बुडखे काढून सगळं मोकळं. म्हणजे ठरवून ठेवलं होतं. बाळू बांधावर उभा, गुडघ्यावर हात ठेवून. सुमितनं टॅबवर चित्र दाखवलं. कमान, हिरवळ, स्टेज, गाड्या लावायची जागा. विहीर तशीच ठेवणार, तिच्यावर खोटी मोट बसवायची, फोटोसाठी.
मी म्हणाले, "ह्या विहिरीवर खरी मोट मी बघितलीय."
"म्हणूनच तर, आत्ती! लोकांना तेच आवडतं आता."
पोरगा वाईट नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात राहून परत आला. आष्ट्यात किती पोरं परत येतात? म्हणाला, "पप्पांचे गुडघे गेलेत. तोडीला टोळी मिळत न्हाई. महापूर आला की सगळं पाण्यात. हे रान तरी उंचावर हाय, ह्याचं कायतरी करूया." यातलं एकही वाक्य खोटं नाही. तेच तर अवघड.
शालननं, भावजयीनं, जेवायला थांबवून घेतलं. दिवस मावळायच्या आत पानं वाढली, नेहमीसारखी. "वन्सं, सही करून टाका की. पोरगं डोळ्यासमोर राहील." तिच्याकडे बघवेना.
विचार करते म्हणाले. बाळू थांब्यापर्यंत सोडायला आला. 

१५ जानेवारी
झोपताना रान डोळ्यांपुढे. आजचं नव्हे, तेव्हाचं.
तेव्हा ऊस नव्हता. शाळू, भुईमूग, कडेला मिरची. भुईमूग काढून झाला की दादा आम्हाला सरवा वेचायला सोडायचे. जमिनीत राहिलेल्या शेंगा उकरून काढायच्या, ज्याच्या त्याला. चपला बांधाला. रानात चपला घालून कुणी शिरलं की दादा नुसते पायांकडे बघायचे, बोलायचे नाहीत. बाळूचा ओचा माझ्यापेक्षा नेहमी भरलेला. मग तो स्वतःहून दोन मुठी माझ्यात टाकायचा, म्हणजे मी रडणार नाही. मी मोठी होते त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी! तरी रडायचे.
पुढं जन्मभर मुलींना भूगोल शिकवला. काळी मृदा, तांबडी मृदा, फळ्यावर चौकटी. मातीत हात घातला तो तेवढाच, सरव्याला.

३१ जानेवारी
पुन्हा आष्टा. घरी न कळवता आधी रानात गेले. बिरूची मेंढरं बसली होती. बिरू आटपाडीकडचा. दिवाळीनंतर कळप घेऊन खाली येतो आणि आमच्या रानात मेंढरं बसवतो. महिनाभर मेंढरं राहिली की लेंड्यांचं खत मिळतं. त्याच्या आधी त्याचा बाप यायचा, दादांच्या वेळी.
बायको चुलीवर भाकरी थापत होती. मला बघून त्यानं घोंगडं अंथरलं.
"आक्का, हितं लग्नाचं हाटेल व्हणार म्हनं. खरं हाय?"
मी घोंगड्याची दशी ओढत बसले.
"न्हाई, इचारलं आपलं. पुढल्या साली मेंढरं कुठं बसवायची ते आत्ताच बघाय लागतंय. सगळीकडं खांबं नि तारा झाल्यात."
त्यानं भाकरी खायला लावली, वर लसणीची चटणी. चतुर्दशी होती, आम्हा जैनांना त्या दिवशी लसूण चालत नाही, तरी खाल्ली. इथं लिहून ठेवते, म्हणजे निदान वहीला ठाऊक.
मग घरी जाऊन बाळूला सांगितलं. सही करणार नाही.
तो ओसरीवर पंपाचा फ्यूज बघत होता. हातातलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "आक्का, तुझं लगीन कुठं झालं? ह्याच रानात झालं नव्हं? पाचशे माणूस जेवलं हुतं. तवा तुला रान दिसलं न्हाई."
पर्स उचलली नि थांब्यावर आले. 

१ फेब्रुवारी
बरोबर आहे त्याचं. माझं लग्न ह्याच रानात झालं.
चैत्र होता. शाळू निघून गेला होता. दादांनी रान शिंपून घेतलं, धुमुसानं चोपलं. मांडव आंब्याच्या टहाळ्यांचा. ह्यांच्याकडची माणसं कराडहून एसटी करून आली, ती सडकेवरच उतरली नि सरळ मांडवात. तेवढ्यासाठी तर सडकेकडचं रान. उपाध्यांनी घाई लावली होती, दिवस बुडायच्या आत पंगती उठायला हव्या होत्या. पत्रावळीखाली एखादं ढेकूळ राहिलेलं, आमटी कलंडायची, लोक पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ दाबून बसवायचे. ह्यांच्या थोरल्या आत्याच्या साडीवर आमटी सांडली ते त्या जाईपर्यंत ऐकवत होत्या. शेवटची पंगत उठली तेव्हा ऊन अजून विहिरीच्या काठावर होतं. दिवा लावावा लागला नाही.
पाच दिवसांनी मी माहेरी परत आले. कौतुकानं रानाकडे गेले तर मांडवाची खूण नाही. बाळू, पंधरा वर्षांचा, बैलांमागं. अर्धं रान नांगरून झालेलं. मला राग आला होता, खरंच सांगते. चार दिवस तरी ठेवायचं. दादांना म्हणालेही तसं. ते म्हणाले, "रानानं कशाला ध्यानात ठेवायचं? ते आपण ठेवायचं."
बाळूला हे काल सांगायला हवं होतं. वेळेवर काही सुचत नाही मला.

९ फेब्रुवारी
बिरूचा फोन. "आक्का, डंपर आल्यात. मुरूम वतत्यात." माझी सही नसताना. बाळूला फोन केला, शालननं उचलला. "ते रानात गेल्यात." मागे बाळूचाच खोकला.

११ फेब्रुवारी
तालुक्याला जाऊन हरकतीचा अर्ज दिला. जमीन सामाईक, शेतीची, माझी संमती नाही, एवढंच. स्वतःच्या अक्षरात, फळ्यावरच्यासारखं नीट. टेबलावरच्या बाईंनी वाचला, वर बघितलं. "भाऊच का?"
"हो. सख्खा."
त्यांनी शिक्का मारून पोच दिली. परतीच्या बसमध्ये पोच पर्समध्ये आहे का ते चारदा बघितलं. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं.
ह्यांनी दार उघडलं.  खिचडी करून ठेवली होती, मीठ विसरून.

१८ फेब्रुवारी
माहेरचा फोन नाही. सुमितचा एक मेसेज. "आत्ती, तुम्ही आम्हाला सांगून तरी करायचं होतं." उत्तर लिहिलं, खोडलं, लिहिलं. पाठवलं नाही.

२३ फेब्रुवारी
परवा रानात पहिला कार्यक्रम झाला. कुणाच्या तरी लग्नाआधीची हळद, दुपारपासून. करार नाही, परवाना नाही, "एक ट्रायल घेऊ" म्हणून. मुरूम टाकलेल्या कोपऱ्यात मांडव.
आज सकाळी बाळूचा फोन. अर्ज दिल्याला बारा दिवस झाल्यावर. "आक्का, बिरूची मेंढरं मेली. तीन."  मग म्हणाला, "येतीस का?"
गेले.
उरलेला भात, पुऱ्या, जिलेबी, सगळं केटररच्या माणसांनी मागच्या बांधाला ओतून दिलेलं. मेंढरांनी काल सकाळी पोटभर खाल्लं. शिजलेलं अन्न मेंढरांच्या पोटात फुगतं, डॉक्टर सांगत होते. बाळूनंच त्यांना गाडीवर घेऊन आणलं होतं, पण उशीर झाला. बाकीची वाचली. मेलेल्यांत एक गाभण.
बिरूची बायको त्या गाभणीजवळ बसलेली, तिच्या कानावरनं हात फिरवत. सुमित लांब, चमकीचे प्लास्टिकचे तुकडे एकेक वेचून पोत्यात भरत होता. पांढरा पडलेला. मला म्हणाला, "केटररला सांगितलं होतं मी, आत्ती. डबे भरून न्या म्हणून सांगितलं होतं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा.
बाळू भरपाईचं बोलायला लागला, तर बिरू म्हणाला, "ते नगं मालक. तुमी मुद्दाम केलं न्हाई. एवढंच सांगा, पुढल्या साली यायचं का न्हाई."
बाळूनं टिकाव उचलला नि खड्डा खणायला लागला. गुडघे धरलेले, सुमित पुढं झाला तर त्याला हातानंच बाजूला केलं. कमरेइतका खड्डा एकट्यानं खणला. 

२४ फेब्रुवारी
बिरू आज निघाला. ठरलेले चार दिवस राहिले होते, तरी.

१६ मार्च
ऊन चढलं. नळाला दिवसाआड पाणी. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
दरवर्षी ह्या सुमाराला शालनकडून नवी हळद येते. घरच्या रानातली, तिनं स्वतः दळून आणलेली, जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलेली. गाठ सोडली की घरभर वास. यंदा आली नाही. दुकानातून पाकीट आणलं. भाजी पिवळी झाली, एवढंच.

२ एप्रिल
तालुक्याचं पत्र. हरकतीची नोंद घेतली, सुनावणीची तारीख कळवू. सुमितच्या पार्टीनं काम थांबवलंय, असं शेजारच्या चौगुल्यांकडून कळलं. मुरूम तसाच पडून. जिंकल्यासारखं काही वाटत नाही.

१२ एप्रिल
बाळू आला. एकटा, बसनं. हातात पिशवी, तीत दोन पपया नि एक कागद. ह्यांच्या डोळ्याचं विचारलं. पाण्याचं विचारलं. त्याची ती जुनी रीत ऐकली नि मला हसूच आलं.
मी आत चहा टाकताना उभ्या उभ्या सांगून टाकलं. लग्नानंतर पाच दिवसांनी आले होते तेव्हा तू बैलांमागं होतास, आठवतंय?
"न आठवाय काय झालं? लय कडक झाली हुती जमीन. पाचशे माणसाच्या पायानं. नांगराच्या दोन पाळ्या घ्याव्या लागल्या." मग म्हणाला, "दादांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं हुतं. मीच म्हनलं, आक्का येऊन बघू दे. म्हणून चार दिवस थांबलो. तू लवकर आली न्हाईस."
हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कधी बोलला नाही.
चहा झाल्यावर कागद काढला. वाटणीचा. "तुझं तुला घे, माझं मला. तुझ्या वाट्याला कोण हात लावणार न्हाई. माझ्या वाट्याचं मला पोराला द्यायला मोकळं ऱ्हाईल. मला त्याच्याकडंबी बघायचं हाय, आक्का. त्यो परत पुण्याला गेला तर आमी दोघं हितं कुणाचं तोंड बघायचं?"
"बिरूला काय सांगितलंस?"
"फोन केल्ता. उचलत न्हाई."
कागद ठेवून गेला नाही, परत पिशवीत घातला. म्हणाला, आधी मोजणी करून घेऊ, रेघ कुठनं जाती ते बघू, मग सह्या.
वाटणी. सगळ्यात न्याय्य गोष्ट, नि मला नकोशी. सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव आहे, इतकंच तर माहेर उरलंय.

अक्षय तृतीया
आदिनाथांचं पारणं उसाच्या रसानं झालं, म्हणून आमच्यात आज रस घेतात. बाळू दरवर्षी ह्या दिवसासाठी चार ऊस न तोडता राखून ठेवायचा. यंदा रानात ऊसच नाही. मार्केट यार्डाच्या बाहेर गाड्यावरून आणला. ह्यांनी हिरवी पट्टी वर करून एका डोळ्यानं ग्लासाकडं बघितलं, म्हणाले, "बर्फ जास्त आहे." खरंय.
संध्याकाळी शालनचा फोन! एवढंच, "वन्सं, रस घेतला का?" मी म्हणाले घेतला. दोघीही मग इकडचं तिकडचं. रानाचं नाव नाही. 

१० मे
मोजणी. खाजगी माणूस आणला, सरकारी नंतर. सकाळी सातलाच पोचले, उन्हाच्या आधी. बाळू, सुमित, मी. मोजणीवाल्यानं यंत्र लावलं, खुणेच्या काठ्या रोवल्या, त्यांना लाल फडकी.
मला वाटलं होतं रेघ उभी जाईल, दोघांनाही सडक नि दोघांनाही मागचं रान. बाळूनं आडवी सांगितली. पुढचं सडकेचं एक, मागचं विहिरीचं एक.
मग माझ्याकडं वळला. "आक्का, तू आधी सांग. कुठलं घेतीस?"
सुमितनं बापाकडं झटकन बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं, दिसत होतं.
पुढचं घेतलं तर लॉन संपलं. मागच्या रानात कोण वरात नेणार? पण पुढं पाणी नाही, नि निम्म्यावर मुरूम. मागचं घेतलं तर विहीर माझी, चांगली माती माझी, नि बांधापलीकडं जन्मभर कमान, गाड्या, बँड. बाळूला हे सगळं कळत नाही असं नाही. आयुष्य गेलंय त्याचं ह्या रानात. मग मला आधी का विचारलं? मला उमगलंय असं वाटतं, पोराला 'न्हाई' त्याच्यानं म्हणवत नाही. नक्की सांगता येत नाही. त्याला विचारलं तर तो सांगणार नाही.
मी म्हणाले, "पुढचं घेतलं तर?"
 सुमित बोलला, रागानं नाही, खरंच विचारल्यासारखा. "आत्ती, घ्या. पण कसणार कोण? तुम्ही विश्रामबागेत. पप्पांना आता होत न्हाई."
"मी कसीन."
तोंडातून निघून गेलं. अडुसष्ट वर्षांची मी. खुरपं धरायची अक्कल नाही. सुमित हसला नाही, ते त्याचं चांगलं.
बाळू हसला. "तुला जमायचं न्हाई." आणि मुरमाच्या ढिगाकडं चालायला लागला. मी मागनं. "पहिल्यांदा हे उचलून न्यायचं. वरवर न्हाई, हातभर खोल. न्हाईतर पाणी धरायचं न्हाई. मग नांगट, उन्हात तापू द्यायची. पावसाच्या तोंडाला ताग टाकायचा, दाट. पहिलं वरीस दुसरं काय घेऊ नकोस. फुलावर आला की तिथंच गाडायचा, त्याचंच खत. पाणी विहिरीवरनं पाइपनं घेता येतंय, मधे बांध आला म्हणून काय झालं..." वाकून ढेकूळ उचललं, चुरगाळलं, वास घेतला, मला दिलं. "हे बघ, अजून जित्ती हाय." पुढं, कोपऱ्यापर्यंत, परत. गुडघ्याचं भान नाही. पाणी कुठल्या बाजूनं तुंबतं, कुठं हुमणीची अळी लागते, कडेला काय लावायचं. तासभर बोलत होता. इतकं सलग मी त्याला बोलताना कधी ऐकलं नाही.
मग सुमितकडं लक्ष गेलं नि थांबला.
सुमित विहिरीच्या काठावर बसला होता, टॅब मांडीवर बंद. आमच्याकडंच बघत होता. काय विचार करत होता कोण जाणे.
मोजणीवाल्यानं विचारलं, रेघ हीच धरायची का. बाळू म्हणाला, "काठ्या ऱ्हाऊ द्या. आक्का सोमवारी सांगती." कागद त्याच्या पिशवीत होता, काढला नाही. मीही मागितला नाही.
आज शुक्रवार. नखांत माती अडकलीय, काढली नाही. तागाचं बी कुठं मिळतं ते उद्या मार्केट यार्डात विचारायचं. नुसतं विचारायला काय हरकत आहे.